तळ्यात पाणी आहे, पण ओले होत नाही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. अकरावीत शिकतो. दोन दिवस तो संगणकासमोरून हलेना, तेव्हा मी जाऊन पाहिले. तो खेळत नव्हता, तळे खणत होता. 'क्वेक' नावाच्या एका जुन्या खेळासाठी त्याने स्वतःचा नकाशा करायला घेतला होता. दगडी भिंतींचे आवार, मधोमध तळे आणि बाजूला एक कळ. कळ दाबली की तळ्यातले पाणी हळूहळू खाली जावे आणि तळाशी लपलेला दरवाजा उघडा पडावा, असा त्याचा बेत होता. तळे दिसत होते झकास. पाण्यावर हलकेसे हेलकावेही होते. पण त्याने आपला खेळगडी पाण्यात उतरवला, तर तो गडी कोरड्या हौदात उतरावे तसा चालत तळापर्यंत गेला. ना पोहणे, ना बुडणे, ना गुदमरणे.

"मावशी, पाणी दिसतंय, पण लागतच नाहीये!" तो म्हणाला.

नद्यांना पूर आला तर पाणी कुठवर चढेल याचे संगणकावर गणित करणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे पाण्याने असा दगा दिलेला पाहून मी खुर्ची ओढून बसले. त्यानंतरचे चार दिवस आम्ही दोघांनी त्या तळ्याच्या काठी काढले. त्यात वर्गात सांगण्याजोगे इतके निघाले की ते इथे लिहून काढते आहे.

आधी थोडी ओळख. खेळ तयार करणाऱ्यांनी दिलेल्या खेळात खेळणाऱ्यांनी आपल्या हाताने भर घालणे किंवा बदल करणे, याला 'मॉडिंग' म्हणतात. नवे नकाशे करणे हा त्यातला जुना आणि लोकप्रिय प्रकार. 'क्वेक' हा खेळ अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने १९९६ साली काढला. खेळ मारामारीचा आहे आणि तो मुलांना खेळायला द्या असे मी सुचवत नाही. पण एक गोष्ट त्याला इतर खेळांपासून वेगळी करते. १९९९ साली कंपनीने त्याचा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. त्यामुळे त्यातले पाणी 'कसे' पाणी आहे, हे कोणालाही ओळन् ओळ वाचून पाहता येते. नकाशाची फाइलही साधी मजकुराची असते, आणि तिच्यात असतात ते मुख्यतः निर्देशक. नववीच्या निर्देशक भूमितीच्या धड्यात असतात तेच, फक्त दोनऐवजी तीन.

पाणी म्हणजे सहा अटी

समजा, ५१२ एकक लांब, २५६ एकक रुंद आणि ६४ एकक खोल असा सरळसोट हौद आहे. एक कोपरा आरंभबिंदूवर ठेवला आणि पाण्याची पातळी शून्य धरली, तर पाण्यातला प्रत्येक बिंदू पुढील सहा अटी पाळतो:

क्ष ≥ ०, क्ष ≤ ५१२
य ≥ ०, य ≤ २५६
झ ≥ −६४, झ ≤ ०

(१००, ५०, −२०) हा बिंदू सहाही अटी पाळतो, म्हणून तो पाण्यात आहे. (१००, ५०, १०) शेवटची अट मोडतो, म्हणून तो हवेत आहे. झाले! या खेळात पाणी म्हणजे एवढेच. त्यात रेणू नाहीत, घनता नाही, वजन नाही. जागेच्या एका तुकड्याला दिलेले ते नाव आहे. नकाशा करणारे अशा तुकड्याला 'ब्रश' म्हणतात; आपण ठोकळा म्हणू.

फाइलमध्ये मात्र या अटी अशा लिहिलेल्या नसतात. ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूसाठी एक ओळ असते आणि त्या ओळीत तीन बिंदू दिलेले असतात. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंमधून एक आणि एकच प्रतल जाते, हे आपण शिकवतोच. पण प्रतलाच्या दोन बाजूंपैकी 'आतली' बाजू कोणती? ते बिंदूंच्या क्रमावरून ठरते. बाहेरून पाहिले असता तीन बिंदू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने यायला हवेत. बारावीच्या मुलांना सदिशांचा गुणाकार कशासाठी शिकायचा असा प्रश्न पडतो. इथे दोन बिंदूंची अदलाबदल केली की तळ्याची एक भिंत उलटी होते आणि ठोकळा बिघडतो. सदिश गुणाकाराचे चिन्ह बदलणे म्हणजे काय, हे यापेक्षा लवकर समजवण्याचा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

तळ्याला उतरता काठ हवा असेल तर? क्ष ≥ ० ही उभी भिंत काढून तिच्या जागी क्ष + झ ≥ ० ही अट घालायची. आता पृष्ठभागाशी काठ शून्यावर आहे आणि तळाशी तो ६४ पर्यंत आत सरकला आहे. ५० एकक खोलीवर क्ष = ६० असेल तर पाणी, क्ष = १० असेल तर माती. एक अट बदलली आणि घाट तयार झाला.

इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे तळे मात्र अशा अटींच्या एका यादीने होत नाही. कारण 'ही अट आणि ती अट आणि ती अट' अशा जोडणीतून नेहमी बहिर्वक्र आकारच मिळतो. म्हणजे आतल्या कोणत्याही दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड पूर्णपणे आतच राहतो. एल आकारात तसे होत नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जाताना वाटेत जमीन लागते. म्हणून दोन ठोकळे शेजारी शेजारी मांडायचे: 'या यादीतल्या सर्व अटी, किंवा त्या यादीतल्या सर्व अटी'. 'आणि' व 'किंवा' या दोन शब्दांतला फरक इतका ठसठशीत क्वचितच दिसतो.

हे सारे संगणकाशिवाय करता येते. आलेखाच्या कागदावर एका गटाने तळे आखावे आणि ते न दाखवता फक्त त्याच्या अटी फळ्यावर लिहाव्यात. दुसऱ्या गटाने एकेक बिंदू पुकारावा. पहिल्याने 'ओला' किंवा 'कोरडा' एवढेच सांगावे. आठवी-नववीची मुले दहा मिनिटांत तिरक्या काठांची तळी काढू लागतात. मग कोणीतरी गोल तळे मागतेच! त्याचे उत्तर त्यांनाच शोधू द्यावे. खेळातही गोल तळे नसते. बारा-सोळा बाजूंचा बहुभुज गोलाची बतावणी करतो.

'ओळखा पाहू' चा खेळ

नकाशात असे ठोकळे हजारो असतात. खेळगडी पाण्यात आहे का, हा प्रश्न तर दर सेकंदाला अनेक वेळा विचारावा लागतो. प्रत्येक वेळी सगळ्या ठोकळ्यांच्या सगळ्या अटी तपासत बसणे १९९६ च्या संगणकांना परवडणारे नव्हते. त्यावरचा उपाय हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर यांनी १९८० साली मांडलेल्या एका कल्पनेत होता. त्यांना तो दृश्य पृष्ठभाग झटपट काढण्यासाठी हवा होता, पण इथेही तो चपखल बसतो.

कल्पना आपल्या 'ओळखा पाहू' सारखीच आहे. एका प्रतलाने सगळ्या जागेचे दोन भाग करा. मग प्रत्येक भागाचे दुसऱ्या प्रतलाने पुन्हा दोन भाग करा, आणि असेच करत जा. अखेरीस प्रत्येक तुकडा एकजिनसी उरतो: नुसती हवा, नुसता दगड किंवा नुसते पाणी. नकाशा पूर्ण झाला की एक प्रोग्राम हे विभाजनाचे झाड आधीच तयार करून ठेवतो. नंतर खेळताना बिंदू आला की पहिल्या फांदीपाशी विचारायचे, या प्रतलाच्या पुढे की मागे? उत्तराप्रमाणे डावीकडे किंवा उजवीकडे वळायचे. पानापर्यंत पोहोचलो की तिथे एक आकडा लिहिलेला असतो. हवेला −१, घन पदार्थाला −२, पाण्याला −३, विषारी चिखलाला −४, लाव्हाला −५, आकाशाला −६. झाड समतोल असेल तर हजार तुकड्यांतून योग्य तुकडा दहाच प्रश्नांत सापडतो, कारण दोनाचा दहावा घात १०२४. प्रत्यक्षात झाडे इतकी समतोल नसतात, पण फायदा प्रचंडच असतो.

भाच्याच्या तळ्याचा आजार आम्हाला इथे सापडला. पाणी खाली जायला हवे म्हणून त्याने तो ठोकळा मूळ नकाशातून काढून 'हलणाऱ्या वस्तूं'मध्ये घातला होता. हलणाऱ्या प्रत्येक वस्तूचे झाड वेगळे असते. 'मी कुठे आहे?' हा प्रश्न मात्र खेळ फक्त मूळ नकाशाच्या झाडाला विचारतो. त्या झाडात तळ्याच्या जागी −१, म्हणजे हवा! चित्र काढणारा भाग वस्तूंचीही चित्रे काढतो, म्हणून डोळ्यांना पाणी दिसत होते. पाहणारे खाते आणि भिजवणारे खाते निराळे, आणि दोघांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नाही. (याच इंजिनवर आधारलेल्या १९९८ च्या 'हाफ-लाइफ' मध्ये हलणाऱ्या पाण्यासाठी स्वतंत्र सोय करावी लागली. म्हणजे ही अडचण आमच्या घरापुरती नव्हती.)

मग त्याने ठोकळा परत मूळ नकाशात टाकला. आता खेळगडी पाण्यावरून चालू लागला, अगदी गोष्टीतल्या सिद्धपुरुषासारखा! याचे कारण आणखी मजेदार होते. या खेळात ठोकळ्याला पाणी करायचे ते त्यावर चिकटवलेल्या चित्राच्या नावाने. नाव ताराचिन्हाने सुरू होत असेल तर आतली जागा द्रव, नसेल तर घन. त्याने पाण्याचे चित्र दुसऱ्याच एका संग्रहातून घेतले होते आणि त्याच्या नावात तारा नव्हता. निळा, चकाकता, पण दगड.

तारा लावला. पाणी एकदाचे ओले झाले. पण चिरंजीवांना शेवाळलेले तळे हवे होते, म्हणून त्यांनी हिरवे चित्र निवडले. पोहता पोहता गड्याचे प्राण भराभर उतरू लागले. त्या हिरव्या चित्राच्या नावात ताऱ्यानंतर विषारी चिखलाचा शब्द होता, आणि खेळ तेवढाच वाचतो. डोक्यापर्यंत अशा चिखलात असलेल्याचे दर सेकंदाला १२ गुण कापले जातात. सुरुवातीला हाती असतात १००. आठ-नऊ सेकंदांत कारभार आटोपतो.

आर्किमिडीज कुठे गेला?

मला खरी उत्सुकता होती ती पुढच्या प्रश्नाची. जागेला 'पाणी' हे नाव मिळाल्यावर नक्की काय बदलते? प्रोग्राम उघडाच असल्याने आम्ही तो वाचला.

खेळगडी ५६ एकक उंच. त्याच्या शरीरावरचे तीनच बिंदू तपासले जातात. तळपायाच्या एक एकक वर, मध्यावर म्हणजे २८ एककांवर, आणि डोळ्यांशी म्हणजे ४६ एककांवर. उभ्या माणसाच्या दृष्टीने एक ते २८ पर्यंतचे पाणी म्हणजे पाय ओले. वागणूक जवळपास जमिनीवरचीच. २८ च्या वर गेले की तो पोहू लागतो. ४६ च्या वर गेले की श्वासाचे घड्याळ सुरू होते. १२ सेकंद झाले की गुदमरणे चालू. मधल्या स्थिती नाहीतच. २७ एकक खोलीच्या आणि २ एकक खोलीच्या पाण्यात या गड्याला काही फरक नाही. २७ आणि २९ मध्ये मात्र चालणे आणि पोहणे एवढा फरक आहे.

आणि पोहू लागताच काय होते? गुरुत्वाकर्षण बंद होते! उत्प्लावक बल मोजून वजनातून वजा केलेले नाही. गुरुत्वाकर्षणाची ओळच वगळलेली आहे. त्याऐवजी गड्याने हातपाय हलवले नाहीत तर त्याला हळूहळू तळाकडे न्यायचे, असा सरळ हुकूम आहे. पोहण्याचा कमाल वेग पळण्याच्या वेगाच्या ७० टक्के. तो काढायला ०.७ ने गुणले, संपले. बरे, ही सवलतही सर्वांना नाही. फेकलेला हातबॉम्ब पाण्यात पडला, तर त्याला हवेतलेच गुरुत्वाकर्षण लागू राहते. त्वरण ८०० एकक प्रति सेकंद वर्ग. म्हणजे स्थिर अवस्थेतून १०० एकक पडायला अर्धा सेकंद, हवेत आणि पाण्यात सारखाच. आर्किमिडीजला इथे प्रवेशच नाही.

हे आकडे आपल्या मापांत आणून पाहणे हा एक चांगला स्वाध्याय आहे. ५६ एकक म्हणजे पावणेदोन मीटर उंचीचा माणूस धरला तर एक एकक सव्वातीन सेंटिमीटरच्या किंचित आत येते. मग ८०० एकक म्हणजे २५ मीटर प्रति सेकंद वर्ग, पृथ्वीवरच्या अडीचपट. पळण्याचा वेग ३२० एकक, म्हणजे सेकंदाला १० मीटर. पोहण्याचा २२४ एकक, म्हणजे ७ मीटर. ५० मीटरच्या तलावात जगातले सर्वात वेगवान जलतरणपटू सेकंदाला सरासरी २.४ मीटरच्या आसपास जातात. आमचा गडी अंगात चिलखत घालून त्यांच्या जवळजवळ तिप्पट वेगाने पोहतो.

हे वाचून हसू येते, पण याला चूक म्हणता येणार नाही. खेळणाऱ्याला पाण्यात शिरल्यासारखे 'वाटावे' एवढाच या प्रतिकृतीचा हेतू होता, आणि तो तिने साधला आहे. भाच्याने काळजीच्या सुरात विचारले, "मग हे पाणी खोटं का?" त्यावर मी त्याला उलट विचारले, की या पाण्याला कोणते प्रश्न विचारता येतील? 'मी आत आहे का?' याचे उत्तर ते बिनचूक देते. 'मी तरंगेन का?' हा प्रश्न त्याला कळतच नाही. 'पलीकडचे दिसेल का?' याचे उत्तर तर तिसऱ्याच खात्याकडे असते. कुठल्या तुकड्यातून कुठला तुकडा दिसू शकतो याची यादी आधीच तयार केलेली असते, आणि जुन्या नकाशांत पाण्याचा पृष्ठभाग अपारदर्शक धरूनच ती केली होती. पुढे पाणी पारदर्शक दाखवण्याची सोय आली, तेव्हा जुन्या नकाशांत काठावरून आत पाहणाऱ्याला पाण्याखाली असायला हव्या त्या गोष्टी दिसेनात. ती यादी नव्याने करावी लागली. ओलेपणा, रंग, पारदर्शकता हे गुण खऱ्या पाण्यात एकत्र येतात. इथे ते तीन वेगळ्या ठिकाणी, तीन वेगळ्या वेळी लिहावे लागतात.

पाण्याची चादर

सगळे खेळ असे ठोकळे मांडत नाहीत. 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन आंद्रेआस' या २००४ सालच्या खेळाचा नकाशा सहा हजार एकक लांब आणि तेवढाच रुंद आहे. त्यात समुद्र, नद्या, तळी सारे आहे. (हाही मुलांचा खेळ नाही.) तिथे पाण्याची एक वेगळी मजकूर-फाइल आहे. तिच्यातली प्रत्येक ओळ म्हणजे पाण्याच्या चादरीचा एक चौकोनी किंवा त्रिकोणी तुकडा. प्रत्येक कोपऱ्यासाठी सात आकडे असतात. तीन निर्देशक, दोन प्रवाहाच्या वेगाचे, दोन लाटांच्या उंचीचे. नवे तळे हवे असेल तर एक ओळ वाढवायची. चादरीच्या खाली जे जे आहे ते पाण्यात, असा नियम. म्हणून तळ्याखालून भुयार काढले तर भुयारातही पाणी! ते टाळण्यासाठी ओळीच्या शेवटी, या पाण्याची खोली मर्यादित आहे असे सांगणारी एक खूण ठेवावी लागते.

या पद्धतीची गंमत काठाशी आहे. काठ कोणी आखतच नाही. खड्ड्यावर एक मोठा आयत पसरायचा; जिथे जमीन त्याच्या वर येते तिथे चादर जमिनीत लपते, जिथे खाली जाते तिथे पाणी दिसते. दोन्ही जिथे मिळतात ती रेषा म्हणजे काठ. भूगोलाच्या शिक्षकांच्या हे लगेच लक्षात येईल, की ही समोच्च रेषाच झाली. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा काठ नकाशात असंख्य फाटे फुटलेला दिसतो तो याच कारणाने. स्थिर पाणी समान उंचीची रेषा शोधून काढते.

पण आयत थोडा मोठा पसरला, तर टेकडीच्या पलीकडच्या खोलगट शेतातही पाणी दिसू लागते. तिथे पाणी पोहोचायला वाट आहे की नाही, हे चादरीला ठाऊक नसते. ती फक्त उंची पाहते.

हे पाहताच मला माझेच एक जुने काम आठवले. नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावासाठी पुराचा नकाशा करायचा होता. मी नुकतीच डॉक्टरेट मिळवलेली, आणि आत्मविश्वास दांडगा! पुराची पातळी घेतली, जमिनीच्या उंचीचे आकडे घेतले, आणि पातळीखालची सगळी जमीन निळी रंगवली. त्या खेळातल्यासारखीच चादर पसरली म्हणा ना. रेल्वेच्या भरावापलीकडची एक सखल वस्तीही त्यात निळी झाली. माझ्या वरिष्ठांनी विचारले, भराव ओलांडून पाणी तिकडे जाणार कसे? मग मी नदीला जोडलेले सखल भागच तेवढे निळे ठेवले. वस्ती कोरडी झाली. नकाशा शास्त्रशुद्ध झाला असे मला वाटले.

तो नकाशा गावात दाखवायला नेला, तेव्हा समोर बसलेले एक निवृत्त शिक्षक उठले आणि म्हणाले, "बाई, भरावाखाली मोरी आहे. तिच्यातून पाणी येतं. माझ्या घरात आलेलं आहे." माझ्या आकड्यांत जमिनीची उंची दर तीस मीटरला एक अशी होती. दीड मीटर रुंदीची मोरी त्यात मावणार कुठे? मी सभेनंतर त्यांच्याबरोबर जाऊन ती मोरी पाहिली. भिंतीवर पाण्याची जुनी रेघही त्यांनी दाखवली. वस्ती पुन्हा निळी केली. पहिला नकाशा बरोबर ठरला होता, पण चुकीच्या कारणाने. आणि दुसरा, जास्त विचारपूर्वक केलेला, तीसएक घरांना 'तुम्ही सुरक्षित आहात' असे सांगून बसला होता. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मोरी वेगळी लिहावी लागते, त्या ताऱ्यासारखी."

न संपणारी विहीर

तिसरी एक तऱ्हा आहे आणि शाळेसाठी मला तीच सर्वात सोयीची वाटते. 'माइनक्राफ्ट' या खेळाचे जग चौरस ठोकळ्यांचे आहे आणि तिथले पाणी नियमाने पसरते. पाण्याचा एक 'उगम' ठोकळा ठेवला की सपाट जमिनीवर पाणी सात ठोकळ्यांपर्यंत, उतरत्या पातळीने वाहते. उगमातले पाणी कमी होत नाही. दोन बाय दोनच्या खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन उगम ठेवले की उरलेल्या दोन जागाही उगम बनतात. मग हव्या तितक्या बादल्या उपसा, विहीर भरलेलीच! द्रव्याच्या अक्षय्यतेच्या नियमाची याहून राजरोस पायमल्ली शोधून सापडणार नाही. सातवीची मुले हे कौतुकाने सांगतात. त्यांना एवढेच विचारावे, की पाणी आले कुठून?

याच धर्तीचा 'लुआंटी' हा मुक्त आणि मोफत खेळ आहे. २०२४ पर्यंत त्याचे नाव 'माइनटेस्ट' होते. त्यात स्वतःचे पाणी तयार करणे हा मोजक्या ओळींचा मामला आहे. किती लांब पसरावे, किती दाट असावे, दोन उगमांतून तिसरा जन्मावा की नाही, हे सारे नकाशा करणाऱ्याने लिहायचे. त्याबरोबर पूर्वी मिळणाऱ्या मूळ खेळात नदीच्या पाण्याला हा तिसरा जन्म नाकारलेला आहे, आणि त्याचे कारण वाचून मला खूप आनंद झाला. तसे केले नाही तर उतारावरच्या नदीत उगमांची संख्या वाढत जाते आणि पाणी काठ सोडून पूर येतो. हिशेब न ठेवलेले पाणी खेळातही कुठेतरी बाहेर पडतेच. मुलांना एकदा तो नियम सुरू ठेवून आणि एकदा बंद करून नदी काढायला सांगावी. पसरण्याचे अंतर बदलून किती ठोकळे भिजतात ते मोजायला लावावे. सपाट जमिनीवर ती संख्या अंतराच्या कितव्या घाताने वाढते, हे कोष्टक मांडले की आपोआप दिसते.

राहता राहिले भाच्याचे तळे. त्याला पाणी खाली न्यायचे होते, आणि 'क्वेक' मधले ओले पाणी जागचे हलत नाही. त्याने दोन दिवस डोके खाजवले. शेवटी नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याने तेच आवार, त्याच भिंती, तीच कळ अशी हुबेहूब दुसरी जागा बांधली. फक्त तिथले तळे रिकामे, तळाशी दरवाजा. कळ दाबली की खेळगडी एका क्षणात पहिल्या आवारातून उचलून दुसऱ्यात ठेवला जातो. पाणी हलवता येईना, म्हणून त्याने माणूसच हलवला. त्या वेळी डोळ्यांपुढे एक चमक येते आणि आवाज होतो, तो काही त्याला घालवता आला नाही. जादू म्हणून खपवणार आहे म्हणे. पहिल्या तळ्याची खोली त्याने विचार करून ४० एकक ठेवली आहे. पोहता येईल, पण तळावर उभे राहिले तर डोके वर राहील. गडी एका पावलात १८ एककांपर्यंतच चढू शकतो, म्हणून बाहेर येण्याच्या पायऱ्या सोळा-सोळाच्या. दुसऱ्या तळ्याच्या तळाशी ओला चिखल दाखवायचा अजून राहिला आहे, असे परवा फोनवर सांगत होता.